लाल शाईची पैज

"चोरी! चोरीच केली असणार त्यानं." पंचाक्षरी अप्पानं हातातलं खाकी पाकीट टेबलावर आपटलं. "न्हाईतर सरकार लाल शाईनं कशाला लिवंल?"

"चोरी न्हाई," भुजंग म्हणाला. "दुसरं काय बी असंल. चोरी न्हाई."

"तुला काय ठावं?"

"ठावं न्हाई म्हणून तर पैज लावून राहिलो. ठावं असल्यावर गंमत काय उरती?"

हे बोलणं भुजंगाच्या हाटेलात चाललं होतं. हाटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी आणि खडूनं लिहिलेली पाटी : 'चहा मिळेल. पाणी मागू नये.' लातूर जिल्हा झाला तेव्हा ह्याच हाटेलासमोर मुरुडकरांनी गुलाल उधळला होता. त्याच्या पुढचा हा उन्हाळा, आणि ज्यांच्या सदऱ्यावर तो गुलाल अजून होता त्यांच्याकडं तो धुवायला पाणी नव्हतं. उस्मानाबादला हेलपाटे मारायची कटकट मिटली म्हणून नाचलेली माणसं आता लातूरच्या टँकरची वाट बघत बसायची.

पंचाक्षरी अप्पाचं किराणा दुकान. माल आणायला तो लातूरला जायचा तेव्हा निम्म्या गावाचे कागद त्याच्या पिशवीत असायचे. कुणाचा सातबारा, कुणाचा दाखला. न्यायचा, आणायचा, आणि येताना एसटीत बसून सगळे वाचून काढायचा. गावाला हे माहीत होतं. फुकट टपाल म्हटल्यावर एवढं चालायचंच. आज त्याला चुलतभावाचं, मल्लिकार्जुन फौजीचं, पलटणीतल्या नोकरीच्या नोंदीचं पाकीट सापडलं होतं. आतलं सगळं इंग्रजी, आणि अप्पाचं इंग्रजी काडेपेटीवरच्या अक्षरापुरतं. पण काळ्या टायपाच्या मधोमध लाल शाईची एक ओळ होती. ती बघून अप्पाला मुरुड येईपर्यंत एसटीत बसवलं नाही.

"सतरा वर्सं मिलिटरीत व्हता. रम चोरली असंल, न्हाईतर बूट," अप्पा म्हणाला. "आन् तसला माणूस आता गावाच्या पाण्यावर पहारा करून राहिला!"

"मंग लावा पैज. हारला त्यानं बायकूचं लुगडं डोक्यावरून घ्यायचं, कमरंवर घागर घ्यायची, बाजारादिवशी बायांच्या रांगंत उभं राहायचं आन् धोंडामायच्या घरी पाणी न्यून टाकायचं."

धोंडामाय सत्तरीची, गढीच्या पार वरच्या अंगाला राहायची. चढ असा, की बकरीलासुद्धा मधी टेकावं लागायचं.

अप्पानं चढाचा विचार केला. मग लाल शाईचा केला. "हाव! दे टाळी!"

टाळी वाजली. आणि मजा अशी, की ज्याच्यावर टाळी वाजली तो मल्लिकार्जुन हाटेलाच्या मागं, तट्ट्याच्या पलीकडं बसून चहा पीत होता. पुढं बसला की बाकडं रिकामं व्हायचं, म्हणून तो दोन महिन्यांपासून मागंच बसायचा. त्यानं कपातला गाळ फेकला, उठला, पुढं आला आणि हात पसरला.

"अप्पा, माजं पाकीट."

अप्पानं घाईघाईनं पाकीट सदऱ्याला पुसलं. भुजंगानं भट्टीमागं तोंड लपवलं, हसू दाबायला.

"मल्लू... आत्ताच आनलं बग. तुलाच द्यायला निगालो व्हतो."

"हाव. दिसलं मला." मल्लिकार्जुनानं पाकीट घेतलं. जाता जाता भुजंगाकडं वळला. "लुगडं नऊवारी आसावं का सहावारी, ते बी ठरवून ठिवा. मागून भांडण नगं."

बोलला ऐटीत. पण कोपऱ्यावर गेल्यावर त्यानं पाकीट सदऱ्याच्या आत खुपसलं.

गावाचं आणि त्याचं वाकडं एकदम नव्हतं आलं. तीन वर्षांपूर्वी पलटणीतून परत आला तेव्हा वाजतगाजत आणला होता. हार घातले, पेढे वाटले. मग पारावर बसवून विचारलं, "फौजी, किती मारले?"

"एक बी न्हाई."

"आँ? येकाहत्तरच्या लढाईत व्हता ना?"

"सप्लायमदी व्हतो. रेशन-पाणी."

कुणीतरी मागून म्हणालं, "म्हंजी आचारी!" आणि तिथून पुढं सगळं उतरणीला लागलं. भावकीनं वेगळाच मुद्दा काढला : लिंगायताचा पोरगा सतरा वर्षं तसल्या लोकांत जेवला, काय खाल्लं असंल, गळ्यातलं लिंग तरी राहिलंय का? एकदा अप्पानं नदीवर त्याच्या सदऱ्याची गुंडी उघडून बघितली होती. लिंग होतं. अप्पाची निराशा झाली होती.

त्यात हा दुष्काळ, आणि ग्रामसेवकानं फौजीला बसवलं हौदावर. मुरुडात रांगेची एक रीत होती. माणूस उभं राहत नसे, वस्तू उभी राहायची. सकाळी घागर ठेवून जायचं, घागर नसली तर चप्पल, चप्पल नसली तर दगड. गावात प्रत्येकाला प्रत्येकाचा दगड ओळखू यायचा. अप्पाच्या अशा बारा घागरी पुढं असायच्या, आणि वर टँकरचा डायव्हर व्यंकटी, नांदेडकडचा, भोकरचा, त्याला अप्पा चिवडा-चहा करायचा, म्हणून दोन पिंपं हौदात पाणी पडायच्या आधीच अप्पाच्या दारात भरायची.

मल्लिकार्जुनानं पहिल्या दिवशी सगळे दगड आणि चपला उचलून उकिरड्यावर टाकल्या, आणि टँकर थेट हौदावर आणायला लावला.

"घागरीला तहान लागती का?" तो ओरडला. "ज्याला लागती त्यानं उभं ऱ्हावं!"

डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून त्यानं बिल्ले केले, खिळ्यानं आकडे ठोकले. बिल्ला घ्या, उभं राहा, नंबर आला की दोन घागरी. सरपंचाच्या बायकोला बिल्ला. धोंडामायला बिल्ला. स्वतःच्या बायकोला, रत्नम्माला, चोपन्न नंबर, आणि ती उन्हात उभी राहून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. दोन महिन्यांत त्यानं सगळं गाव सारख्या प्रमाणात दुखावलं. बाया शिव्या द्यायच्या, पण रिकामी घागर घेऊन एक बी परत जात नव्हती. हे मात्र कुणी बोलून दाखवत नव्हतं.

पाकीट घेऊन घरी आला तर रत्नम्मा दारातच. बातमी त्याच्या आधी पोचली होती.

"काय लिवलंय लाल शाईनं?"

"कायतरी हाय."

"सतरा वर्सं म्या हितं सासूची बोलनी खाल्ली. कशापायी? तर धनी देशासाटी लढून राहिला म्हणून. आन् आता गावात आइकावं लागतं की चोर हाय!"

"चोर न्हाई."

"मंग सांगा ना जगाला!"

त्यानं गळ्यातलं लिंग काढून तळहातावर घेतलं, चमचाभर पाण्यानं पूजा केली आणि तो चमचा तुळशीत ओतला. सांगायचं काय, हाच तर घोळ होता. अकरा वर्षं झाली, त्याचं त्यालाच ठरवता आलं नव्हतं की ती ओळ मिरवायची की गाडून टाकायची.

झालं होतं असं. लढाई संपली आणि पाकिस्तानचे हजारो शिपाई कैदी म्हणून आपल्याकडं आणले. वरच्या मुलखातल्या एका कॅम्पात मल्लिकार्जुनाची पाण्याच्या टाकीवर ड्यूटी. चारशे कैद्यांची रांग, हातात टिनाचे मग. जूनचं ऊन. त्या रांगेत एक म्हातारा होता, पलटणीचा न्हावी, लढाईशी त्याचा संबंध वस्तऱ्यापुरता. ओठ फुटलेले. तो रांगेतून वाकून म्हणाला, "बेटा, हलक सूख गया. जरा देख लो ना."

टाकीवर आणखी चौघं पहारेकरी होते. कुणी मद्रासचा, कुणी डोंगरातला. त्यांच्या लेखी ती कैद्याची भाषा. पण मल्लिकार्जुन निजामाच्या राज्यात जन्मलेला. त्याच्या आळीचा कासार, बांगड्या भरायला येणारी अम्मा, शाळेतले पहिले मास्तर, सगळे असंच बोलायचे. ती बोली ऐकली आणि त्याला मुरुड आठवलं. त्याच्या तोंडून निघून गेलं, "आओ चाचा, तुम पहले पी लो."

म्हाताऱ्यानं टिनाचा मग तोंडाला लावला आणि मागची चारशे माणसं निघाली. एकाला दिलं तर आम्हाला का नाही? रांग मोडली, टाकी हालली, लोक एकमेकांवर पडले. जो सगळ्यात आधी खाली पडला तो तोच न्हावी. त्याच्या उजव्या हातावरून किती पाय गेले कुणी मोजले नाहीत. हाड दोन ठिकाणी मोडलं. न्हाव्याचा उजवा हात.

साहेबानं विचारलं, का दिलं? मल्लिकार्जुन म्हणाला, "साब, गाव का आदमी लगा." साहेबानं लाल शाई घेतली.

गुरुवारी टँकर येण्याआधी हौदाजवळ सगळं गाव गोळा झालं. अप्पानं ग्रामसेवकाकडं तक्रार टाकली होती : लाल शाईवाल्याच्या हातात गावाचं पाणी नको. ग्रामसेवक पाप्याचं पितर, पण पेन सोन्याच्या क्लिपचं. तो म्हणाला, "फौजी, कागद दाखवा. चोरीचं असलं तर आजच बिल्ले जमा करा. मला वरती लिहावं लागेल."

बिल्ले जमा म्हणजे दगड-चपला परत. बारा घागरी परत. दोन पिंपं परत. मल्लिकार्जुनानं रांगेकडं बघितलं. सगळ्यात मागं एक बाळंतीण उभी होती, डोक्याला फडकं बांधून. हौद आटला की पहिला फटका तिलाच.

"वाचा," तो म्हणाला आणि पाकीट दिलं.

ग्रामसेवकानं ओळ दोनदा मनात वाचली, मग मोठ्यानं मराठीत सांगितली : "हुकूम नसताना, रांग मोडून, कैद्याला सरकारी पाणी दिलं. त्यामुळं गोंधळ झाला. एका कैद्याचा हात मोडला."

मग धोंडामाय कडाडली.

"मुडद्या! दुस्मनाला रांग मोडून पानी पाजलंस, आन् मला म्हातारीला उनात हुबी करतूस?"

"व्हय की!" मागून आवाज. "तिकडं धर्मात्मा, आन् हितं जल्लाद!"

मल्लिकार्जुनाला हसू आलं. चोर ठरला असता तर शिव्या खाल्ल्या असत्या. चोर न ठरता जास्त खाऊन राहिला होता.

"माय," तो म्हणाला, "ज्याला पाजलं त्याचाच हात मोडला. न्हावी व्हता. उजवा हात. तुला बी पुढं घिऊ का? मागं ऐंशी जनी हायत. बग येकदा मागं वळून."

धोंडामायनं मागं वळून बघितलं. ऐंशी जणींनी धोंडामायकडं बघितलं. तिनं घागर एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतली आणि हळू आवाजात विचारलं, "मंग त्यो पुन्यांदा वस्तरा धरू शकला का रं?"

"ठावं न्हाई, माय. दवाखान्यात नेला. मंग गाडीत घालून तिकडं पाठवला. म्या विचारलं न्हाई."

"का न्हाई विचारलं?"

मल्लिकार्जुन हातातले बिल्ले मोजायला लागला. तेवढ्यात अप्पा पुढं सरसावला. त्याला न्हाव्याचं काही पडलं नव्हतं.

"ग्रामसेवकसाब, ते हाताचं बिताचं राहू द्या! सरकारी पानी, हुकूम न्हाई, रांग मोडून दिलं. ही चोरी न्हाई तर काय? भुजंग्या, काढ लुगडं!"

भुजंगाचं तोंड पडलं. सरकारी माल हुकुमाबिगर. चोरीसारखं दिसत तर होतं.

"अप्पाचं बरोबर हाय," मल्लिकार्जुन म्हणाला.

रत्नम्मानं चोपन्न नंबरावरूनच कपाळावर हात मारला.

"न्हाई, खरंच. मला बी अकरा वर्सं असंच वाटून राहिलंय. निम्मं तरी." आता हे बोलताना त्यानं डाव टाकला होता, का मनातलं बाहेर पडलं होतं, हे त्यालाही धड सांगता आलं नसतं. पण पुढचं वाक्य मात्र डावाचंच होतं, आणि ते बोलताना त्याच्या मिशा हालल्या. "तवा साहेब, लिवा तुमी वरती. रांग मोडून सरकारी पानी देनारा चोर. आन् घेनारा बी चोर. दोनी लिवा. मंग ह्या हौदावर आजवर कुनी कुनी घेतलं, तिकडं येऊ."

ग्रामसेवकाचं पेन कागदावर टेकलं. टँकर तेवढ्यात येऊन थांबला होता. व्यंकटीनं खिडकीतून एवढं ऐकलं आणि इंजिन परत चालू केलं. "मला न्हाई त्यात वढायचं हां! म्या भोकरचा मानूस. ह्यो अप्पाच म्हनला पिंपं लाव म्हनून!"

"किती पिंपं?" ग्रामसेवकानं विचारलं.

"दरोज दोन!" रांगेतून एकदम वीस आवाज आले. बायांना असले आकडे पाठ असतात.

"फौजी हौदावर यायच्या आदी चार महिने!" धोंडामाय म्हणाली. "आन् बारा घागरी येगळ्या. लिव बाबा लिव, शाई संपली तर काजळ देते."

अप्पाच्या कपाळावरच्या भस्माचे पट्टे घामानं ओघळले. त्यानं पेनाकडं बघितलं, मग भुजंगाकडं, मग पुन्हा पेनाकडं. चोरी म्हणावी तर पैज जिंकली, पण नाव वरती लातूरला. चोरी नाही म्हणावी तर नाव वाचलं, पण लुगडं.

"तसं बगितलं तर," तो खाकरला, "पानी म्हंजी... पानी पाजनं हा धर्म हाय. त्याला चोरी कसं म्हनावं?"

"काय म्हनला?" भुजंगानं कानाला हात लावला. "मागं आइकू येईना!"

"चोरी न्हाई म्हनलो!"

"अजून येकदा. टँकरचं इंजन चालू हाय."

"चोरी न्हाई! चोरी न्हाई! घाल माज्या मढ्यावर!"

ग्रामसेवकानं पेनाची क्लिप खिशाला लावली. बिल्ले फौजीकडंच राहिले. भुजंगानं हाटेलात जाऊन पाटीवर खडूनं खाली एक ओळ वाढवली : 'बाजाराच्या दिवशी लुगडं बघायला या.'

बाजाराच्या दिवशी हौदाभोवती एवढी माणसं जमली की कडब्याचे व्यापारी गिऱ्हाईक सोडून आले. भुजंगानं बाकडी बाहेर मांडली. शिवम्मानं, अप्पाच्या बायकोनं, नवं लुगडं द्यायला साफ नकार दिला होता. म्हणाली, असल्या कामाला घोंगडं बी बास. शेवटी जुनं हिरवं, मांडीवर ठिगळ असलेलं दिलं. ते डोक्यावरून घेऊन, कमरेवर घागर टेकून अप्पा आला तेव्हा शिट्ट्या वाजल्या. घागर कमरेवर धरायची बायांची हातोटी त्याला जमेना. ती सारखी मांडीपर्यंत घसरायची.

"बाळंतपन झालं का काय अप्पाचं!" कुणीतरी ओरडलं.

मल्लिकार्जुनानं बिल्ला पुढं केला. सदतीस.

"सदतीस?" अप्पा दबक्या आवाजात म्हणाला. "मल्लू, दोनच मिनटं आइक. औशाचा व्याही कडबा बगायला बाजारात आलाय. लेकीचा सासरा. अजून हिकडं फिरकला न्हाई. मला उलीसं पुढं घे, येक घागर भरतो आन् पळतो. रांग मोडून न्हाई म्हनत, नुसतं पुढं... तू तर परक्या मानसाला बी दिलंस की रं."

अप्पाचे ओठ सुकले होते. खरंच सुकले होते. मल्लिकार्जुनाच्या डोळ्यापुढं एक टिनाचा मग आला. त्यापाठोपाठ छत्तीस बायांची रांग आली, आणि तिच्या मागं पंचेचाळीस.

"सदतीस," तो म्हणाला. "उभं ऱ्हावा."

"भावकीत जल्मलास आन् कसाई निगालास!"

"हाव. पर अप्पा..." तो जवळ गेला, आणि पलटणीत नव्या रंगरुटाचा पट्टा ओढून सरळ करावा तसा त्यानं अप्पाच्या डोक्यावरचा पदर धरून पार हनुवटीपर्यंत खाली ओढला. "त्वांड झाका. मिशी दिसून राहिली."

रांग सरकली. पंधरा. वीस. एकवीस नंबरला बाळंतीण पाणी घेऊन गेली. सदतीसची घागर भरून झाली, तेवढ्यात कडब्याच्या बाजूनं एक पांढरा फेटा गर्दीत घुसला आणि हौदाजवळ येऊन थांबला. औशाचे व्याही. त्यांनी हिरव्या लुगड्याकडं बघितलं, घसरणाऱ्या घागरीकडं बघितलं. भुजंगानं तोंड उघडलं, पण मल्लिकार्जुनानं त्याच्याकडं असं बघितलं की ते उघडंच राहिलं.

"ही कुनाची सून वो?" व्याह्यांनी विचारलं. "घागर बी धड धरता येईना बिचारीला."

पदराखालच्या हातानं घागर घट्ट धरली. सगळं गाव फौजीकडं बघत होतं. दोन महिने ह्या माणसानं कुणाला कणभर सूट दिली नव्हती.

"आमच्या भावकीतली हाय," मल्लिकार्जुन म्हणाला. "किरान्याच्या मोठ्या घरची. रांगंत पयल्यांदाच उभी राहिली." आणि मग छाती फुगवून, परेडवर ओरडल्यासारखा ओरडला, "नंबर सदतीस! घागर वर! गढीपत्तूर धोंडामायच्या दारात, कुठं बी न टेकता! फुडं चल!"